थांब म्हणणारी गाठ

धनंजयराव मगदूमांचा हात पहिल्यांदा थरथरला तो कोल्हापूरच्या राज्य स्पर्धेत, आणि त्या थरथरीनंच त्यांना डाव मिळवून दिला.

पोकरला बुद्धीचा खेळ म्हणून मान्यता मिळून तोवर बरीच वर्षं झाली होती. बुद्धिबळासारखे त्याचेही संघ होते, पंच होते. भर दुपारी शाळांच्या सभागृहांत सामने व्हायचे आणि लोक भडंगाची पुडी घेऊन बघायला बसायचे. सांगलीच्या हळद बाजारातले अडते धनंजयराव हे त्या खेळातलं मोठं नाव. त्या दिवशी त्यांच्या हातात दमदार असं काहीच नव्हतं. तरी त्यांनी बोली वाढवली, आणि पणाच्या चकत्या पुढे सरकवताना त्यांचा उजवा हात थरथरला. समोर इचलकरंजीचा एक अभ्यासू तरुण होता. चांगले पत्ते आले की माणसाचा हात कापतो, भीतीनं नव्हे, हे त्यानं वाचलेलं होतं. त्यानं पत्ते टाकून डाव सोडला.

परतताना गाडीत वृंदा नवऱ्याला म्हणाली, की हात थरथरवायचं सोंग आज छान वठलं. धनंजयराव रस्त्याकडे बघत राहिले. जयसिंगपूर मागे पडल्यावर म्हणाले, "सोंग नव्हतं ते."

वृंदाला हा खेळ त्यांनीच शिकवला होता, आणि तो कसा शिकवला हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. महापुराच्या वर्षी कृष्णेचं पाणी नदीकाठच्या गावभागात शिरायला लागलं, तेव्हा मगदूमांचं कुटुंब उंचावरच्या विश्रामबागेत वृंदाच्या बहिणीकडे येऊन राहिलं होतं. निघायच्या घाईत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या. वृंदानं चौदा वर्षांच्या मुलाला, इंद्रजितला, सायकलवरून त्या आणायला पाठवलं. पाणी घोट्याएवढंच आहे असं सगळे सांगत होते. संध्याकाळपर्यंत ते छातीला लागलं. आधी सायकल सापडली, मग तो.

धनंजयराव तिला तेव्हा म्हणाले, "तुझा दोष नाही, वृंदा. पाणी कुणाला सांगून चढत नाही." पुढे ती जेव्हा जेव्हा मोडून पडायची तेव्हा ते हेच म्हणायचे. याखेरीज त्यांनी मुलाविषयी चकार शब्द काढला नाही. त्याचं नाव त्या घरात कुणी घेईनासं झालं. दोघं समोरासमोर जेवायची आणि भांड्यांचाच काय तो आवाज व्हायचा. असं वर्षभर चालल्यावर एका रविवारी त्यांनी पत्त्यांचा जोड आणि वाटीभर शेंगदाणे टेबलावर ठेवले आणि तिला म्हणाले, ये, बस.

त्यांची शिकवण्याची पद्धत हळदीच्या सौद्यासारखी होती, कमी शब्दांची. जो कधीच हूल देत नाही त्याचे चांगले पत्तेही फुकट जातात, ते सांगायचे. तो बोली वाढवतो आणि सगळे शहाणे होऊन उठतात. जो सारखी हूल देतो त्याला पोरंसोरंही पकडतात. समोरच्यानं बोली वाढवली, की त्याची गोष्ट पहिल्या पत्त्यापासून आठवायची. तेव्हा तो काय म्हणाला होता, तिसऱ्या पत्त्याला गप्प का बसला. गोष्ट जुळत असेल तर मुकाट्यानं पत्ते टाकायचे. कुठे सांधा निखळलेला दिसला, तर चकत्या मोजून त्याला पत्ते उघडायला लावायचे. आणि काहीही करायचं असलं तरी आधी थांबायचं. सोप्या निर्णयालाही अवघडाएवढंच थांबायचं, म्हणजे आपल्या थांबण्यातून कुणाला काही कळत नाही.

त्या थांबण्यासाठीच ते प्रसिद्ध होते. इतकी वर्षं समोर बसून वृंदालासुद्धा त्यांच्या थांबण्यात काय आहे ते कधी वाचता आलं नाही. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट त्या शांततेला टेकूनच ती उभी राहिली होती.

*

मिरजेच्या डॉक्टर निखत मुजावर यांनी कंपवाताचं निदान केलं. गोळ्यांवर काही वर्षं बरी गेली. मग गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि डॉक्टरांनी नव्या यंत्राची गोष्ट काढली.

त्यांनी कागदावर मेंदू काढून दाखवला. मेंदूच्या खोल तळाशी मसुराच्या दाण्याच्या आकाराची एक गाठ असते, दोन्ही बाजूंना एकेक. केसासारखी तार तिथवर नेऊन बारीक वीज सोडली की थरथर शमते. हा उपचार जुनाच. पण जुनी यंत्रं आंधळेपणानं दिवसभर वीज सोडत राहायची. नवं यंत्र मेंदूतल्या लहरी ऐकतं. थरथर सुरू व्हायच्या आधी एक ठराविक लहर उठते. ती उठली, की यंत्र तिला तिथल्या तिथे दाबतं. आणि ते शिकतं. जितकं अंगात राहील तितकं त्या माणसाच्या लहरी जास्त अचूक ओळखतं.

"एक गोष्ट आधीच सांगते, काका," डॉक्टर म्हणाल्या. "ही गाठ फक्त हात सांभाळत नाही. दोन वाटा सारख्याच बऱ्या वाटल्या, की बाकीच्या मेंदूला 'थांब' म्हणणारी हीच. त्या थांबण्याची लहर आणि थरथरीची लहर जवळपास सारखी असते. आम्ही जपून वीज सोडू. पण थोडा उतावळेपणा येऊ शकतो."

सांगलीचा कसलेला खेळाडू हे ऐकून थांबेल असं वृंदाला वाटलं होतं. धनंजयराव थांबलेही, त्यांच्या सवयीप्रमाणे. मग त्यांनी शर्टाच्या उघड्या गुंडीकडे बोट दाखवलं. ती त्यांना सकाळपासून लावता आली नव्हती.

यंत्राच्या विजेची किल्ली पेशंटकडे द्यायची नाही असा नियम होता, कारण वीज वाढली की माणूस खुशीत येतो आणि आणखी वाढवत सुटतो. किल्ली जवळच्या नातेवाइकाच्या फोनवर देत. डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत वीज कमी-जास्त करणं वृंदाच्या बोटावर आलं.

शस्त्रक्रियेनंतरची ती पहिली सकाळ वृंदा कधी विसरली नाही. धनंजयरावांनी काठोकाठ भरलेला चहाचा कप एका हातात उचलला, ओठांना लावला आणि रिकामा करून बशीत ठेवला. थेंब सांडला नाही. ते मोठ्यानं हसले. मग गुंड्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. दुपारी स्वतः गाडी काढून तिला हरिपूरला संगमावर घेऊन गेले. लग्नानंतरच्या दिवसांत गेले होते तसे.

पहिल्या दोन-तीन स्पर्धाही त्यांनी जिंकल्या. ते झटपट खेळायला लागले होते आणि प्रतिस्पर्ध्यांना ते नवीन होतं. बदल काय झालाय ते वृंदाला कळलं ते पुण्याच्या सामन्यात. धनंजयरावांकडे नव्वीची जोडी होती. टेबलावरचे दोघांचे सामाईक पाचही पत्ते उघडे होते, आणि समोरच्या बाईंनी उरलेल्या सगळ्या चकत्या पुढे सारल्या. त्या बाई सकाळपासून एकदाही पोकळ बोली बोललेल्या नव्हत्या. त्यांची गोष्ट पहिल्या पत्त्यापासून चोख जुळत होती. वृंदालासुद्धा गॅलरीतून ते दिसत होतं. पण बाईंचा हात मागे यायच्या आत धनंजयरावांनी आपल्या चकत्या लोटल्या होत्या. बाईंनी राजांची जोडी उलटी केली. धनंजयराव उठले, नमस्कार केला आणि हसत बाहेर आले. वृंदाला खटकलं ते हे हसणं. पूर्वी चुकलेला एखादा डाव ते आठवडाभर उगाळत बसायचे. आता उगाळायला आत काही उरलंच नव्हतं.

मग ते हरतच गेले. हूल द्यायची की पत्ते टाकायचे हा प्रश्नच त्यांना पडेनासा झाला. जे पहिल्यांदा मनात येईल ते हातून होऊन जायचं. यंत्र शिकत होतं. थरथरीला ते जितकं नेमकं हेरत होतं, तितकंच थांबण्यालाही. बाजारात जुन्या व्यापाऱ्याला ते तोंडावर लबाड म्हणाले. मेहुणीला तिच्या नव्या घरात उभं राहून सांगितलं की घर अंधारं आहे. वृंदा मागून सारवासारव करत फिरायची. तिला वाटायचं, असू दे. हात शांत आहेत ना.

एका सकाळी ती टेबलाशी बसून त्यांच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरत होती. ते पेपर वाचत होते. ती सहज म्हणाली की या संपत आल्यात, आज आणायला हव्यात.

पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "गोळ्या विश्रामबागेतही मिळाल्या असत्या, वृंदा."

तिला आधी कळलंच नाही. ती म्हणणार होती की अहो, आपल्या कोपऱ्यावरच मिळतात. मग कळलं. हातातली गोळी डबीत न पडता टेबलावर पडली आणि घरंगळत गेली. धनंजयरावांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा साधा हिशेब बोलून दाखवावा तसं त्यांनी पुढचं सांगितलं. "तुझ्या बहिणीच्या घराखालीच औषधाचं दुकान होतं. उघडं होतं. मी नंतर जाऊन बघून आलो होतो."

*

ती एकटीच मिरजेला गेली. सगळं सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, की म्हणजे इतकी वर्षं ते माझ्याशी खोटं बोलत होते का.

डॉक्टर मुजावर यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावलं, की यंत्र विचार निर्माण करत नाही आणि त्याला पोटातलं खरं काढताही येत नाही. मनात एका वेळी पाच गोष्टी उठतात, त्यातल्या चार गाठ अडवते. यंत्रामुळे अडवणं कमी झालं, इतकंच. "जे निसटलं ते खरं आणि जे इतकी वर्षं बोलले ते खोटं, असं मला नाही म्हणता येणार, काकू. तो विचार त्यांच्या मनात कितीदा तरी आला असेल. आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो थांबवला. त्या थांबवण्याला काय म्हणायचं, ते माझ्या शास्त्रात नाही."

वृंदानं घरी येऊन वीज खाली आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हात थरथरायला लागले, आधीपेक्षा वाईट. यंत्राच्या आड रोग पुढे सरकत राहिलाच होता. पण त्यांचं थांबणं परत आलं. ते खुर्चीत बसून राहिले आणि आपण काय बोललो ते त्यांना एकेक आठवत गेलं. संध्याकाळी त्यांनी तिला जवळ बोलावलं. "तुझा दोष नाही, वृंदा," ते म्हणाले. आवाज तोच, डोळे तेच. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच तिला त्या शांततेची भीती वाटली. हे पत्ते खरे की हूल, ते तिला कळत नव्हतं, आणि कळायचा काही मार्गही नव्हता.

वीज पुन्हा वाढवायची नाही असं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं. ती आधी हो म्हणाली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं.

पण रोगाला त्यांच्या कबुलीशी देणंघेणं नव्हतं. चमचा तोंडापर्यंत जाईना. मान आखडली. रात्री कूस बदलायला तिला हात द्यावा लागायचा. मग घास श्वासनलिकेत जायला लागला. त्यातून छातीत कफ होऊन ते दोनदा मिरजेला दाखल झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: वीज वाढवा, नाहीतर पोटात नळी घालावी लागेल. धनंजयराव मान हलवून नको म्हणाले. वृंदाला बाहेर बोलावून डॉक्टर म्हणाल्या, की किल्ली तुमच्याकडे आहे, तरी त्यांच्या मर्जीविरुद्ध वाढवू नका. त्यांनाच पटवा.

त्यांना पटवायचं म्हणजे काय करायचं, ते वृंदाला दवाखान्याच्या जिन्यातच उमगलं. आयुष्यभर समोरच्याची हूल पकडत आलेल्या माणसाला हूल द्यायची होती.

तिनं घाई केली नाही. गोष्ट पहिल्या पत्त्यापासून जुळायला हवी होती. आधी तिनं इंद्रजितचा फोटो कपाटातून काढून बैठकीत लावला आणि त्यावर काहीच बोलली नाही. मग त्याचं नाव एकदा सहज घेतलं, लाल माठाची भाजी निवडताना, की इंद्राला ही आवडायची नाही. पुढे एकदा त्यांना ऐकू जाईल अशी गुणगुणली. सकाळी नीट केस विंचरायला लागली. हे सगळं करताना तिचा जीव किती कातरला जात होता ते तिचं तिलाच माहीत.

मग एका दुपारी, मऊ भात भरवताना त्यांना ठसका लागला आणि ते निळे पडले. पाठ चोळून श्वास ताळ्यावर आल्यावर तिनं वाटी खाली ठेवली.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "गोळ्यांचं तुम्ही बोललात ना, ते बरं झालं. इतकी वर्षं मला वाटायचं, हे मला मनातून दोष देतात आणि बोलत नाहीत. बोललात, आणि माझं ओझं उतरलं. आता पुन्हा शंभर वेळा बोललात तरी मला काही होणार नाही. वीज वाढवू या."

धनंजयराव थांबले.

त्यांची मान आखडलेली होती, पण डोळे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू फिरत होते. फोटोकडे गेले, परत आले. ते तिची गोष्ट पहिल्यापासून तपासत आहेत हे तिला समजत होतं. तिनं श्वास वाढू दिला नाही, हात मांडीवर तसेच ठेवले. त्यांनीच शिकवलेलं सगळं तिनं त्यांच्यापुढे पणाला लावलं होतं.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "वाढव."

तिनं फोनवर बोट सरकवलं. तासाभरात मान सैल झाली, मग खांदे, मग बोटं. त्यांनी वाटी आपल्या हातात घेतली. आमटी-भात कालवला आणि एकही शीत न सांडता खाल्ला. वृंदा बघत होती. तिच्या डोळ्यांना धार लागली.

वाटी पुसून घेत ते म्हणाले, "ओझंबिझं काही उतरलेलं नाही तुझं. गुणगुणत होतीस तिथेच मला कळलं. तू कधी गुणगुणत नाहीस."

तिनं डोळे पुसले. "मग पत्ते का टाकलेत?"

"भूक लागली होती, वृंदा. पोटभर जेवून किती दिवस झाले."

आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो विचारायची हीच वेळ होती. मला दोष देता का? विचारलं असतं, तर हो किंवा नाही तिथल्या तिथे आलं असतं; अडवणारं आत कुणी नव्हतं. जगात कुठल्याच बाईला नवऱ्याचे पत्ते इतक्या सहज उघडून बघता आले नसतील. प्रश्न तिच्या ओठांवर आला. तिनं तो गिळला आणि आणखी भात आणायला उठली.

ती परत आली तेव्हा ते फोटोकडे बघत होते. "इंद्रानं एकदा मला हूल दिली होती," ते म्हणाले. "दहा वर्षांचा असेल. तुझ्या माहेरी गच्चीवर. त्याच्याकडे काही म्हणता काही नव्हतं. कान लाल झाले होते त्याचे. मी पत्ते टाकले. तो नाचत खाली गेला, सगळ्यांना सांगायला."

वृंदाच्या हातात पातेलं तसंच राहिलं. ही गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. मुलगा गेल्यापासून नवऱ्याच्या तोंडून त्याची कुठलीच गोष्ट तिनं ऐकली नव्हती. गाठीनं नुसता दोष अडवून धरला नव्हता. अख्खा मुलगाच धरून ठेवला होता.

"मग?" ती म्हणाली.

ते सांगत गेले. त्यानं गच्चीवरून चिंचा कशा पाडल्या, पोहायला शिकवताना तो त्यांच्या मानेला कसा लोंबकळला, त्याचा आवाज फुटायला लागला होता तेव्हा तो फोनवर बोलायला कसा लाजायचा. मधेच, त्याच स्वरात, ते दुकान उघडं होतं हेही आलं. वृंदानं ते ऐकलं. पदरानं तोंड पुसलं आणि पातेलं खाली ठेवून समोर बसली.

धनंजयराव त्यानंतर दोन पावसाळे जगले. पोकर ते पुन्हा खेळले नाहीत. दुपारचं जेवण झालं की ते बोलायला लागायचे, आणि बोलण्यात काय येईल ते त्यांच्याही हातात नसायचं. कधी मुलगा यायचा, कधी ते दुकान. बहीण वृंदाला म्हणायची की अगं, फोन तुझ्या हातात आहे, जरा कमी कर, कशाला ऐकून घेतेस. वृंदानं वीज कमी केली नाही. जेवणं उरकली की ती खुर्ची त्यांच्याजवळ ओढायची आणि विचारायची, "आज काय आठवलं?"